युद्ध नको म्हणायचंय: मोर्चा, फोन की थेट भेट?

आपल्या खासदाराने युद्धाच्या बाजूने मत देऊ नये असं तुम्हाला मनापासून वाटतंय. पण नोकरी आहे, पोरांचे क्लास आहेत, हाताशी फार तर एक शनिवार आहे. तो कशावर खर्च करायचा? हे लिहितोय ते अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मराठी मंडळींसाठी. भारतात लष्करी कारवाईआधी लोकसभेत मतदान घ्यावंच लागतं असं नाही, त्यामुळे तिथलं गणित वेगळं आहे.

आधी मोर्चा, कारण पहिल्यांदा तोच सुचतो. १५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्धाविरुद्ध लंडनमध्ये लोटलेली गर्दी पोलिसांच्या हिशेबाने साडेसात लाख होती, आयोजकांच्या मते वीस लाखांपर्यंत. महिनाभरात, १८ मार्चला, ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मंजुरी दिली. म्हणजे गर्दी फुकट गेली? त्या दिवसापुरती, हो. पण त्याच रात्री युद्धविरोधी दुरुस्तीच्या बाजूने सत्ताधारी लेबर पक्षाच्या १३९ खासदारांनी आपल्याच पंतप्रधानांविरुद्ध मत दिलं, आणि आदल्या दिवशी मंत्री रॉबिन कुक याच मुद्द्यावर मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. पुढे दहा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०१३ ला, सीरियावरच्या कारवाईचा ठराव २८५ विरुद्ध २७२ असा पडला. विरोधात मत देणाऱ्यांत पंतप्रधान कॅमेरॉन यांच्या स्वतःच्या पक्षाचे ३० जण होते. त्या आठवड्यात लंडनमध्ये २००३ सारखा मोर्चा निघाला नव्हता. इराकने तोंड पोळलेले खासदार ताकही फुंकून पीत होते, आणि मतदारसंघातून येणारी पत्रं त्यांना तेच बजावत होती.

माझं मत विचाराल तर मोर्चा हवा दहा वर्षांनंतरच्या मतदानासाठी. येत्या मंगळवारच्या मतदानासाठी त्यावर विसंबू नका.

आता फोन. अमेरिकेत हे सगळ्यात स्वस्त हत्यार. तिथल्या संसद भवनाच्या, कॅपिटॉलच्या, स्विचबोर्डला, म्हणजे २०२-२२४-३१२१ ला, फोन लावून प्रतिनिधीचं नाव सांगितलं की त्याच्या कार्यालयात जोडून देतात. पलीकडे बहुधा कॉलेजातून नुकतंच बाहेर पडलेलं पोरगं असतं. ते नाव आणि झिप कोड विचारतं आणि बाजूने की विरोधात एवढंच टिपून घेतं. जागतिक राजकारणावर व्याख्यान देऊ नका, ते टिपायला त्याच्याकडे रकानाच नसतो. "मी अमुक गावात राहतो, अमुक ठरावाच्या विरोधात मत द्या" एवढ्यावर थांबा. रात्री व्हॉइसमेलवर ठेवलेला निरोपही चालतो. तयार मजकुराच्या ईमेलची मात्र गठ्ठ्याने मोजदाद होते आणि गठ्ठ्यानेच उत्तर येतं.

फोनचा खरा शत्रू म्हणजे उशीर. २६ फेब्रुवारी २००३ ला लोकांनी ठरवून सिनेटच्या कार्यालयांवर फोन आणि फॅक्सचा भडिमार केला. आयोजकांनी दहा लाखांवर आकडा सांगितला, लाइनी तुंबल्या. पण युद्धाचा अधिकार देणारा ठराव ऑक्टोबर २००२ मध्येच प्रतिनिधीगृहात २९६-१३३ आणि सिनेटमध्ये ७७-२३ असा मंजूर झाला होता. वरातीमागून घोडं.

२०१३ मध्ये हेच घोडं वेळेवर पोचलं. सीरियावर हल्ल्यासाठी काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, परवानगी घेऊ, असं ओबामांनी ३१ ऑगस्टला जाहीर केलं. ४ सप्टेंबरला सिनेटच्या परराष्ट्र समितीने १०-७ ने होकारही दिला. पण सुट्टी होती, प्रतिनिधी आपापल्या गावी होते आणि फोन थांबत नव्हते. फिनिक्सच्या सभेत सिनेटर जॉन मॅकेन यांच्यासमोर एका माणसाने मार्शमेलो या मऊ लिबलिबीत मिठाईची पिशवी उंचावली आणि काँग्रेसबद्दल मला काय वाटतं ते हे, असं ऐकवलं. पूर्ण सभागृहात मतदान झालंच नाही. सीरियाने रासायनिक अस्त्रं सोडून द्यावीत हा रशियाने मांडलेला प्रस्ताव त्याला कारण झाला, सगळं श्रेय फोनला देण्यात अर्थ नाही. पण मतं जुळत नव्हती, हे व्हाइट हाउसलाही दिसत होतं.

कागदी पत्राचा मोह असेल तर एक लक्षात ठेवा: २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवल्याच्या प्रकरणानंतर काँग्रेसची टपाल बाहेरच तपासून, किरणोत्सर्गाने निर्जंतुक करून मगच आत येते. पत्र पोचेपर्यंत मतदान आटोपलेलं असू शकतं. ते मतदारसंघातल्या कार्यालयात द्या. ब्रिटनमध्ये ईमेल पुरतो, पण स्वतःच्या शब्दांत आणि पोस्टकोडसह, कारण दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या माणसाचं काम खासदार हातात घेत नाहीत.

या सगळ्यांपेक्षा मी भेटीला वरचं पान देईन. सुट्टीच्या काळात मतदारसंघातल्या कार्यालयात चार-पाच शेजाऱ्यांनी वेळ घेऊन जायचं. ब्रिटनमध्ये खासदार मतदारांना भेटतात त्या वेळेला सर्जरी म्हणतात, तिथे नाव नोंदवायचं. गणपतीच्या आरतीचा तक्ता महिनाभर आधी लावणाऱ्या आपल्या मंडळांना हे काही जड नाही. गेल्यावर एकच विचारायचं: तुम्ही मत कसं देणार? "विचार करतोय" असं उत्तर आलं, तर तोच तुमचा माणूस. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. ठाम होकारवाल्यावर शनिवार घालवू नका. २००२ मध्ये इराकच्या ठरावावर न्यू जर्सीच्या दोन सिनेटरांपैकी कॉर्झाइन यांनी विरोधात मत दिलं, टॉरिसेली यांनी बाजूने. टॉरिसेली काही दिवसांपूर्वीच निवडणुकीतून बाहेर पडले होते. ज्याला पुन्हा मतं मागायचीच नाहीत, त्याला मतदाराचा धाक कसला?

व्हिसावर असाल तर? ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा म्हणून संसदीय निवडणुकीत मत देऊ शकतो. कितीतरी मराठी लोकांना हे ठाऊकच नसतं. मतदारयादीत नाव घाला, मग "मी तुमचा मतदार" असं हक्काने लिहा. अमेरिकेत ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी वर मत नाही, पण रहिवासी म्हणून फोन करता येतो. "मी मतदार" किंवा "मी नागरिक" असं मात्र चुकूनही म्हणू नका, तो खोटा दावा महागात पडू शकतो. अटकेची शक्यता असलेल्या निदर्शनांपेक्षा अशांना कार्यालयातली भेट परवडते.

आणि युद्ध सुरूच झालं असेल तर अमेरिकेत १९७३ चा युद्धाधिकार कायदा आहे, त्याखाली सैन्य मागे घ्यायचा ठराव काँग्रेसमध्ये मांडता येतो. त्याखालचे ठराव नेत्यांना सहज दाबून ठेवता येत नाहीत. येमेनमधल्या युद्धातून अंग काढून घ्यायचा ठराव २०१९ मध्ये सिनेटमध्ये ५४-४६ आणि प्रतिनिधीगृहात २४७-१७५ असा मंजूर झाला. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरून तो फेटाळला आणि तो नकाराधिकार मोडायला सिनेटमध्ये ५३ मतंच मिळाली, लागत होती दोन तृतीयांश. म्हणून अशा वेळी फोनवर दोन गोष्टी मागा: ठरावाला होकार, आणि नकाराधिकार आला तर तो मोडायलाही होकार. दुसऱ्या प्रश्नावर पलीकडचं पोरगं अडखळलं, तर साहेबांना विचारून कळवा म्हणायचं आणि आपला नंबर द्यायचा.