किचन नव्याने करताय? डिझायनर नेमावा की आपणच पाहावं

किचन नव्याने करायचं ठरलं की घरात दोन मतं हमखास निघतात. एक म्हणतं, डिझायनरला कशाला पैसे द्यायचे, चांगला सुतार गाठू, आपल्याला काय हवं ते ठाऊकच आहे. दुसरं म्हणतं, एवढा खर्च करतोच आहोत तर जाणकाराच्या हाती देऊ. दोन्ही मतांत तथ्य आहे, म्हणूनच निर्णय अडतो. माझ्या मते तो सोडवण्यासाठी आधी एकच गोष्ट पाहावी: तुमच्या किचनमध्ये नेमकं काय जागेवरून हलणार आहे?

काय हलणार, काय राहणार

सिंक, शेगडी, फ्रीज आणि भिंती आहेत तिथेच राहणार असतील, फक्त कपाटांची दारं, ओट्याचा दगड, टाइल्स आणि नळ बदलायचे असतील, तर डिझायनरची गरज नाही, असं मी स्पष्ट सांगेन. कपाटांचे सांगाडे अजून भक्कम असतील तर चांगला कारागीर आणि तुमची मोजपट्टी पुरेशी आहे. वाचलेल्या पैशांतून उत्तम बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे उत्तम चॅनेल घ्या. रोजच्या वापराचा ताण त्यांच्यावरच येतो.

सिंक हलवायचं म्हटलं की गणित बदलतं. सांडपाण्याच्या आडव्या पाइपला साधारण दोन टक्के उतार लागतो, म्हणजे फुटामागे पाव इंच. सिंक जुन्या जागेपासून ३ मीटर दूर नेलं तर पाइपच्या एका टोकापेक्षा दुसरं टोक ६ सेंटीमीटर खाली हवं. ते ६ सेंटीमीटर जमिनीत किंवा खालच्या कपाटांमागे कुठेतरी मिळायला हवेत. नाही मिळाले तर पाणी तुंबू लागतं, आणि ते लक्षात येईपर्यंत वर टाइल्स बसलेल्या असतात. शेगडी हलवली की चिमणीची नळीही हलते. नळी जितकी लांब आणि तिला जितकी वळणं जास्त, तितका धूर ओढण्याचा जोर कमी होतो. चार झोनचा इंडक्शन हॉब, म्हणजे चार भांडी एकदम ठेवता येणारी विजेची शेगडी, पूर्ण क्षमतेवर ७ किलोवॉटच्या आसपास वीज घेऊ शकतो. त्यात ओव्हन आणि डिशवॉशरची भर पडणार असेल तर जुनं वायरिंग ते पेलेल का, हे भिंती बंद होण्याआधी तपासावं लागतं.

म्हणजे एक वस्तू हलली की पाणी, धूर आणि वीज या तिन्हींचा विचार एकदम करावा लागतो, आणि तिन्हींची माणसं वेगवेगळी असतात. प्लंबर आपलं काम चोख करतो, इलेक्ट्रिशियनही करतो, आणि तरी प्लगपॉइंट नेमका ड्रॉवरच्या मागे येतो, कारण दोघांच्या हाती एकच नकाशा नव्हता. डिझायनरचे पैसे वसूल होतात ते इथे.

भिंत पाडायची असेल तर मात्र डिझायनरही पुरेसा नाही. भिंतीवर इमारतीचा भार आहे की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासून सांगायचं असतं. नुसती ठोकून पाहून कुणी "काढा, काही होत नाही" म्हणत असेल तर काम तिथेच थांबवा, मग सांगणारा सुतार असो की डिझायनर.

मापं शिकता येतात. टक्कर आधी दिसणं अवघड

स्वतः करू पाहणाऱ्यांच्या बाजूने मोठा मुद्दा असा, की किचनची मूळ मापं गुपित नाहीत. खालची कपाटं साधारण ६० सेंटीमीटर खोल, वरची ३० ते ३५. ओटा आणि वरची कपाटं यांच्यामध्ये ४५ सेंटीमीटरच्या आसपास अंतर. काम करायची मोकळी वाट एका माणसासाठी साधारण १०५ सेंटीमीटर, दोघं एकदम वावरणार असतील तर १२०. ओट्याची प्रचलित उंची ८५ ते ९० सेंटीमीटर असली, तरी रोज जास्त वेळ उभं राहणाऱ्या माणसाच्या कोपरापासून १० ते १५ सेंटीमीटर खाली ओटा असावा, हे माप मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तयार कपाटं विकणारा ही उंची आपणहून विचारेलच असं नाही. सुतार विचारणार नसेल तर तुम्ही सांगा. वर्षानुवर्षं कंबर आणि खांदे दुखण्यापेक्षा सांगाड्याखालचे पाय चार सेंटीमीटर वर-खाली करून घेणं फार सोपं आहे.

सिंक, शेगडी आणि फ्रीज यांचा प्रसिद्ध त्रिकोणही याच यादीतला. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात ही कल्पना मांडली गेली. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, आणि तिन्ही मिळून १३ ते २६ फूट. एकट्याने स्वयंपाक होत असेल तर हा ठोकताळा आजही चांगला आहे. दोघं-तिघं एकाच वेळी काम करत असतील तर तो तोकडा पडतो. तिथे चिरण्याची, शिजवण्याची आणि धुण्याची जागा वेगळी काढून, एकाची वाट दुसऱ्याने अडवू नये असं पाहावं लागतं.

ही मापं वाचून कुणीही शिकू शकतं. अवघड आहे ते दोन बरोबर मापं एकमेकांना कुठे धडकतात हे कागदावर ओळखणं. फ्रीज भिंतीला चिकटवून बसवला तर दार काटकोनात उघडतं, पण बऱ्याच मॉडेलांत आतले कप्पे बाहेर ओढायला त्याहून जास्त उघडावं लागतं. एल आकाराच्या ओट्याच्या कोपऱ्यात दोन बाजूंचे ड्रॉवर एकमेकांच्या मुठींवर आदळतात. त्यासाठी कोपऱ्यात काही सेंटीमीटरची फिलर पट्टी, म्हणजे मोकळं अंतर राखणारी बंद फळी, सोडावी लागते. डिशवॉशरचं दार खाली उघडल्यावर सिंकपाशी उभं राहायला जागा उरते का, हे नकाशात दार मिटलेलं दाखवलं तर कळतच नाही. छताच्या मधोमध एकच दिवा असेल तर ओट्यापाशी उभ्या माणसाची सावली नेमकी सुरीखाली पडते, म्हणून वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला दिवे हवेत. आणि त्यांची वायर टाइल्स लागण्याआधीच भिंतीत जायला हवी.

त्यात भिंती क्वचितच अगदी सरळ असतात. एकच भिंत जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि वर छताजवळ मोजून पाहा. तीन आकडे वेगळे येऊ शकतात. संगणकावर किचन आखून देणारी साधनं आता सहज मिळतात आणि त्यांचा उपयोगही होतो, पण त्यांतलं चित्र बहुधा प्रत्येक कोपरा काटकोनात धरतं. अनुभवी डिझायनर सगळ्यात लहान आकडा धरून आखणी करतो आणि उरलेली फट कशी झाकायची ते आधी ठरवतो.

स्वतः करणार असाल तर एक गोष्ट अवश्य करा. नव्या कपाटांची रेघ जमिनीवर चिकटपट्टीने आखा, उघडी दारं आणि ओढलेले ड्रॉवरही त्यात दाखवा, आणि त्या रेघांमध्ये रोजचं काम करून पाहा. घरातल्या सगळ्यांनी करावं, एकट्याने नाही. यातून निम्मे घोटाळे आधीच सापडतील, असं मला वाटतं.

जाणकाराला काय दिसत नाही

डिझायनरच्या बाजूने एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही तितक्याच आग्रहाने मांडायला हवी, आणि तिच्यासाठी आधुनिक किचनच्या मुळाशीच जाता येतं. १९२६ साली ऑस्ट्रियन वास्तुकार मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक किचन आखलं. जागा जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. प्रत्येक हालचाल मोजून, पावलं वाचवून बेतलेली ही रचना सुमारे १०,००० घरांत बसली, आणि आजचं सलग ओट्याचं, बसवलेल्या कपाटांचं किचन तिच्यातूनच आलं. हे काम थोरच आहे. पण राहायला आलेल्यांच्या तक्रारी होत्या: दोन माणसं तिथे मावत नव्हती, जेवणाचं टेबल आत ठेवता येत नव्हतं, आणि सामान साठवायचे ॲल्युमिनियमचे खण लहान मुलांच्या हाताला येत होते. एकट्या बाईने, कुणाच्या मध्ये न येता काम करावं असं धरून सगळी पावलं मोजली होती. ज्या घरांत तसं घडत नव्हतं तिथे अचूक मोजमापही अपुरं पडलं.

आजच्या उत्तम डिझायनरलाही हेच लागू आहे. तुमच्या घरात डावखुरं कोण आहे, सर्वांत मोठं भांडं केवढं, कुणाला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, मुलं अभ्यासाला किचनमध्येच बसतात का, कचऱ्याचे डबे किती, हे त्याला ठाऊक नसतं. सांगितलं नाही तर तो सरासरी माणसासाठी किचन आखेल, आणि त्यात तुम्ही नसाल. म्हणून डिझायनर नेमला तरी घरच्यांचं काम कमी होत नाही. पहिल्या भेटीआधी किचनमधलं सगळं सामान मोजून त्याची यादी करा. सर्वांत उंच बाटलीची उंची आणि सर्वांत रुंद भांड्याचा व्यासही लिहा. ही यादी पाहायला न मागणारा डिझायनर मला तरी चालणार नाही.

पैशांची बाजू

डिझायनर मोबदला चार तऱ्हांनी घेतात: ठरलेली एकरकमी फी, तासांचा दर, एकूण खर्चाचा टक्का, किंवा वरवर काहीच नाही. शेवटचा प्रकार कपाटं विकणाऱ्या शोरूममध्ये भेटतो. तिथे 'डिझाइन मोफत' असतं, म्हणजे त्याची किंमत कपाटांच्या दरात धरलेली असते. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. शोरूमचे कितीतरी डिझायनर खरोखर निष्णात असतात, आणि ज्यांना त्याच कंपनीची कपाटं घ्यायची आहेत त्यांच्यासाठी हा सौदा चांगलाच आहे. पण त्यांनी सुचवायचं ते त्यांच्या यादीतलंच असणार, आणि नकाशा बहुधा ऑर्डर दिल्याशिवाय तुमच्या हाती येत नाही.

हा फरक महत्त्वाचा का, ते दरपत्रकं मागवताना कळतं. हाती नकाशा नसेल तर तीन ठिकाणचे तीन दर येतात आणि त्यांची तुलनाच होत नाही. एकाने प्लायवूड धरलेलं असतं, दुसऱ्याने पार्टिकल बोर्ड, तिसऱ्याने दोन ड्रॉवर कमी. सर्वांत कमी आकडा दिसतो तो कमी कामाचा असतो. स्वतंत्र डिझायनरकडून वरून पाहिलेला नकाशा, प्रत्येक भिंतीचं समोरून चित्र, पाणी आणि विजेच्या जागांचा वेगळा कागद आणि साहित्याची तपशीलवार यादी घेतली, तर तिघांनाही एकाच कामाचा दर द्यावा लागतो. फी देऊन डिझायनरकडून काय विकत घेतलं, असं विचाराल तर माझं उत्तर हे कागद.

टक्क्यावर फी असेल तर खर्च वाढला की फीही वाढते. माणूस प्रामाणिक असला तरी ही रचना मला आवडत नाही. मोठ्या कामातही ठरलेली फी मागावी.

वेळ आणि धावपळ

तोडफोड, मग पाणी आणि वीज, मग भिंती आणि फरशी, मग कपाटं, मग ओटा, शेवटी ओट्यामागच्या टाइल्स: हा क्रम चुकला की काम दुप्पट होतं. विशेषतः दगडी ओट्याचं अंतिम माप खालची कपाटं बसल्यावरच घेतात, त्यामुळे मध्ये थांबावं लागतं आणि त्या काळात सिंकही नसतं. कामावर लक्ष ठेवायला दिवसा घरी कुणी असेल तर हे जमतं. नसेल तर देखरेखीचं कामही डिझायनरकडे द्या, पण ते फीमध्ये धरलं आहे का ते आधी विचारा. नुसत्या आखणीच्या फीमध्ये बहुधा ते नसतं.

मधला मार्ग

सिंक थोडं सरकणार आहे, बाकी रचना तीच, बजेट बेताचं, अशा बहुतेकांना मी मधलाच मार्ग सुचवेन. नकाशा स्वतः काढा, जमिनीवर आखून तपासा, आणि मग तासांच्या दराने एखाद्या स्वतंत्र डिझायनरला तो दाखवा. "कसं वाटतं?" असं विचारू नका. कुठे काय धडकेल, पाण्याचा उतार मिळेल का, चिमणीची नळी कुठून जाईल आणि दिव्यांच्या वायर कुठे हव्यात, एवढं नेमकं विचारा. हे ऑर्डर देण्याआधी करा. कपाटं कापली गेल्यावर त्या सल्ल्याचा उपयोग नाही.

पूर्ण कामासाठी डिझायनर नेमायचं ठरलं तर त्याने केलेलं, काही वर्षं वापरात असलेलं किचन पाहायला मागा. फोटोंमध्ये सगळंच नवं असतं. तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारा की कुठला कोपरा वापरात नाही. आणि करारात एक वाक्य आवर्जून घाला: कारखान्याला द्यायची अंतिम मापं जागेवर येऊन कोण घेणार, आणि ती चुकली तर बदलाचा खर्च कोण देणार. मापं तुम्ही दिली तर जबाबदारी तुमच्याकडे येते. म्हणून डिझायनर नेमला असेल तर मोजपट्टी त्यानेच धरावी आणि मापांच्या कागदावर सहीही त्याचीच असावी.