तीजेच्या टोपल्या आणि भाड्याच्या कांचळ्या : एका आश्रमशाळेविषयी

सोलापूर शहरापासून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका निवासी आश्रमशाळेत मी गेली तीन वर्षे महिन्यातून एकदा तरी जात आलो आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ओळखीच्या एका बंजारा कुटुंबाच्या मुलाला मी तेथे दाखल केले. दसऱ्यानंतर त्याचे आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत, आणि तांड्यावर उरलेली आजी त्याच्या अभ्यासाकडे पाहू शकत नाही. त्यामुळे शाळेच्या कागदोपत्री स्थानिक पालक म्हणून माझे नाव लागले. पुढे काही उणिवाही लिहायच्या असल्याने शाळेचे नाव येथे देत नाही. मुलांना अशा शाळेत घालावे की नाही, या विचारात असलेल्या पालकांना माझा अनुभव उपयोगी पडावा, एवढाच हेतू आहे.

आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे, कारण आमच्या ओळखीचे दोन पालक त्यापायी चुकीच्या कार्यालयात खेटे घालून आले. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा वेगळ्या आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या मुलांसाठीच्या आश्रमशाळा वेगळ्या. या दुसऱ्या प्रकारच्या शाळा स्वयंसेवी संस्था शासनाच्या अनुदानावर चालवतात आणि त्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे येतात. ही शाळा त्यांपैकीच आहे. येथे पहिली ते दहावीचे वर्ग असून राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश यांसाठी पालकांकडून पैसे घेतले जात नाहीत. मुले प्रामुख्याने बंजारा, वडार, कैकाडी आणि पारधी समाजांतील आहेत.

या शाळेचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले वैशिष्ट्य म्हणजे तिने मुलांची बोली फाटकाबाहेर ठेवायला लावलेली नाही. राज्यघटनेच्या 350 अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय असावी असे म्हटले आहे आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर आहे. परंतु बंजाऱ्यांच्या गोरबोलीत किंवा कैकाडीत पाठ्यपुस्तक नसताना पहिलीच्या शिक्षकाने नेमके काय करावे, हे त्याचे त्यालाच शोधावे लागते. येथील पहिलीच्या बाईंनी ते शोधले आहे. वर्गाच्या मागील भिंतीवर त्यांनी भाकरी, पाणी, आई, चूल अशी चित्रे चिकटवली असून प्रत्येक चित्राखाली मराठी शब्दाबरोबर मुलांच्या घरचे शब्दही देवनागरीत लिहिले आहेत. भाकरीखाली ‘बाटी’ आहे, आईखाली ‘याडी’ आहे, पाण्याखाली वडार मुलांचे ‘नीळ्ळू’ आहे. शब्द मुलांनी सांगितले आणि बाईंनी ते उतरवून घेतले. आमचा मुलगा पहिल्या आठवड्यात तोंड उघडत नव्हता. त्याने भिंतीवरची बाटी पाहिली आणि ‘गुरुजी, ह्यांना कसं कळलं?’ असे मला कानात विचारले. सोलापूरसारख्या गावात, जेथे एका वाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच नळावर ऐकू येतात, तेथे हे फार मोठे आश्चर्य वाटू नये. पण मी स्वतः तीस वर्षे शिकवताना ‘वर्गात शुद्ध बोला’ असे किती मुलांना दटावले असेल, याची मला त्या भिंतीपुढे उभे राहून लाज वाटली.

शाळेचे दुसरे बलस्थान श्रावणात दिसते. बंजारा समाजात तीजेला अविवाहित मुली टोपल्यांत माती आणि शेणखत घालून गहू पेरतात, रोज गाणी म्हणत त्यांना पाणी घालतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास उगवलेल्या पिवळसर रोपांचा सण साजरा करून शेवटी विसर्जन करतात. शाळा सुरू असताना मुलींना तांड्यावर जाता येत नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी तीज शाळेतच पेरायचे ठरले. टोपल्या बाजारातून आणण्याऐवजी मुख्याध्यापकांनी एका कैकाडी विद्यार्थ्याच्या आजोबांना बोलावले. म्हाताऱ्यांनी बांधावरून तरवडाच्या झुडपाचे फोक, म्हणजे लवचीक फांद्या, आणवल्या, व्हरांड्यात फतकल मारली, आणि उभे फोक चिखलात रोवलेल्या खुंट्यांसारखे ताठ धरून त्यांच्यामधून आडवे फोक एक आत, एक बाहेर असे ओवायला सुरुवात केली. मुलांना वाटले होते की हे सोपे आहे. पहिल्याच फेरीत अर्ध्या मुलांच्या टोपल्या एका बाजूला कलल्या. कारण फोक ओला असतानाच वाकवावा लागतो आणि जाड बुडखा व बारीक शेंडा यांची आलटून पालटून जोड घालावी लागते; दोन बुडखे एका बाजूला आले की टोपली तिकडे फुगते. आजोबांनी हे शब्दांत एकदाही सांगितले नाही. ते फक्त मुलाच्या हातातून टोपली घेत, चार ओळी उसवत आणि परत देत. त्यांच्याच हाताखालून एकेकाळी शेतकऱ्यांच्या घरातल्या धान्य साठवायच्या कणग्या जात, हे मुलांना त्या दिवशी कळले. पत्र्याच्या कोठ्या आल्यावर कणग्यांचे गिऱ्हाईक कसे संपले, तेही त्यांनी ऐकले. कैकाड्याच्या टोपलीत बंजाऱ्याची तीज उगवली, आणि तिला पाणी घालायच्या रांगेत वडार व पारधी मुलीही उभ्या राहिल्या. समाजजीवनाचा असा तास कोणत्याही वेळापत्रकात मी पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी याच धर्तीवर एका वडार आजोबांना जात्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने त्याचा दगड पुन्हा खरबरीत करून दाखवण्यासाठी बोलावले होते. तो कार्यक्रम मात्र आटोपता घेतला गेला. शाळेच्या स्वयंपाकघरात दळण गिरणीतूनच येते, त्यामुळे टाकी लावलेल्या जात्यावर पुढे कोणी मूठभर ज्वारीसुद्धा दळली नाही. शिकवलेल्या गोष्टीचा वापर शाळेच्या रोजच्या जगण्यात नसेल तर ती प्रदर्शनापुरती उरते, हा फरक संचालकांनी लक्षात घ्यायला हवा.

हजेरीचा प्रसंगही सांगण्यासारखा आहे. वसतिगृहात रोज संध्याकाळी घंटा वाजवून हजेरी होत असे. एकदा पारधी समाजातील एका मुलाची आजी मुक्कामाला होती; घंटा आणि ‘हजेरी’ हा शब्द ऐकताच ती उठून नातवाला घेऊन बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. ज्यांना सोलापूरची सेटलमेंट ठाऊक आहे त्यांना याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. 1871 मध्ये पहिल्यांदा झालेल्या आणि पुढे बदलत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली याच शहरात तारेच्या कुंपणात माणसे ठेवली गेली, गिरण्यांत कामाला जातायेता त्यांची मोजणी झाली, आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द होईपर्यंत जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरत राहिला. आजही सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव शहरात चालते आणि रिक्षावाला त्या नावाचा अर्थ न विचारता तेथे सोडतो. आजीचे बालपण त्या हजेरीत गेले होते. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी वाद घातला नाही. आता संध्याकाळी घंटा होत नाही. प्रत्येक खोलीतला मोठा मुलगा आपल्या खोलीतली मुले आपल्या बोलीत मोजतो आणि संख्या सांगून येतो. 31 ऑगस्टला विमुक्त दिनाची सभा होते, तीत गेल्या वर्षी पाहुण्यांच्या भाषणाऐवजी त्या आजींनाच बोलायला सांगितले. त्या पाच मिनिटेच बोलल्या, तीही बसून.

हे सगळे करणारी शाळा वार्षिक स्नेहसंमेलनात मात्र घसरते. बंजारा नृत्यासाठी फेट्या (घागरे) आणि कांचळ्या (आरसे लावलेल्या चोळ्या) शहरातील भाड्याच्या कपड्यांच्या दुकानातून आणल्या होत्या. त्यांवर आरशांऐवजी चंदेरी टिकल्या चिकटवलेल्या होत्या आणि नाचाच्या जोरात त्या गळून रंगमंचावर पडत होत्या. गाणे लाऊडस्पीकरवर लागलेले, तेही सिनेमातले. त्याच वेळी मंडपाच्या शेवटच्या रांगेत आमच्या मुलाची आजी आपल्या अंगावरच्या, स्वतः टाके घालून आरसे बसवलेल्या कांचळीत बसली होती. तिला कोणी विचारले नव्हते. ‘मास्तर, ह्या कुण्या तांड्याच्या म्हणायच्या?’ असे तिने मला विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. पाहुण्यांच्या स्वागतासाठी पहिल्या रांगेत सोफे मांडणाऱ्या शाळेला दोन आज्यांना महिनाभर आधी बोलावणे जड गेले नसते. होळीची लेंगी गाणी त्यांच्या तोंडपाठ आहेत.

सोयींविषयी थोडक्यात लिहितो. जेवण चांगले आहे. सकाळी पोहे किंवा उपमा, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, आठवड्यातून दोनदा अंडी, आणि शेंगाचटणीची बरणी कायम भरलेली असते. पाण्याचा प्रश्न मार्चपासून सुरू होतो. टँकर वेळेवर आला नाही की कपडे धुण्याचा दिवस पुढे ढकलला जातो. घरच्यांशी फोनवर बोलण्याची पाळी आठवड्यातून एकदाच येते आणि ऊसतोडीच्या फडावर रेंज मिळाली नाही तर ती वायाच जाते. अशा मुलांना दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावू द्यावा, ही माझी मागणी दोन वर्षे नोंदवहीत आहे. सर्वांत गंभीर बाब म्हणजे मुलींच्या न्हाणीघरांपैकी एकाचे दार बिजागरीतून निघालेले असून त्या जागी पोत्याचा पडदा लावला आहे. याबद्दल विचारले असता दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला असल्याचे सांगण्यात आले. दाराच्या दोन बिजागऱ्यांना प्रस्ताव कशाला लागतो, असे मी तेथेच म्हणालो आणि अधीक्षकांना ते आवडले नाही.

आमचा मुलगा आता तिसरीत आहे. मराठी वाचन अडखळत का होईना, पण करतो. गणितात बरा आहे. आणि सुट्टीत तांड्यावर आला तेव्हा त्याने आजीला तरवडाचे फोक आणायला पाठवून एक टोपली विणून दाखवली. ती थोडी कललेलीच होती. आजीने तिच्यात लसूण ठेवला आहे. त्याची धाकटी बहीण येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार असून जन्माचा आणि जातीचा दाखला आम्ही काढून ठेवला आहे. तिचा अर्ज भरण्यापूर्वी मे महिन्यात मी एकदा जाऊन ते न्हाणीघराचे दार पाहून येणार आहे.