साउंडबार घेताय? आधी अडॅप्टर उलटा करून बघा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घ्यायला निघाला असाल तर दोन मिनिटं थांबा. माझे १५,१०० रुपये गेलेत. २,००० आगाऊ, १२,५०० माल हातात आल्यावर आणि ६०० भिंतीवर लावायचे.

बाबांना टीव्हीतले संवाद नीट ऐकू येत नाहीत, म्हणून घेतला. दुकानदार म्हणाला, "कंपनीचाच माल आहे साहेब. ५.१, ॲटमॉस, हजार वॅट." ५.१ म्हणजे मागच्या स्पीकरसकट पाच स्पीकर आणि एक बेसचा डबा; ॲटमॉस म्हणजे चहूबाजूंनी, डोक्यावरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज. स्वतःच्या फोनवरून ब्लूटूथने ढोलताशा लावला, दुकानाच्या काचा थरथरल्या. तिथेच ओळखायला हवं होतं! ॲटमॉस ऐकवायचं तर टीव्हीच्या एचडीएमआय एआरसीला (टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारं केबलचं सॉकेट) जोडून ऐकव ना, ब्लूटूथ कशाला? आणि अडॅप्टर तर माझ्या हातात होता. बारीक अक्षरांत छापलेलं: १८ व्होल्ट, ३ अँपिअर. म्हणजे ५४ वॅट. त्यावर हजार वॅट कुठून येणार? खोक्यावरचा असा आकडा बहुतेकदा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला असतो; विचारायचा आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद. पण मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, हा घाई करतोय, अशा वेळी कोण गुणाकार करत बसतं?

घरी बातम्या लावल्या तर निवेदिका पिंपात तोंड घालून बोलतेय असं वाटलं. दुकानात गाणी ऐकूच नका, बातम्या लावायला सांगा. मागच्या स्पीकरला कान लावला, चिडीचूप. स्क्रू काढले. आत स्पीकरच नाही! वायरचं टोक डिंकासारख्या गोळ्याने डब्याला चिकटवलेलं.

परत गेलो तर "विकलेला माल परत नाही." बिल कच्चं, जीएसटी नंबर नाही. यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं. खोक्यावरचा बीआयएसचा (मालाला प्रमाणपत्र देणारी सरकारी संस्था) नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकला, सापडला नाही. ही तपासणी पैसे द्यायच्या आधी दुकानात उभ्या उभ्या करा.

पोलीस चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला, ग्राहकवाल्यांकडे जा. ऑनलाइन तक्रार केली, तर दुकानदाराने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रारच बंद! चोर गप्प बसला की प्रकरण मिटलं? पुन्हा चौकीत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. पक्क्या बिलाशिवाय घेतलंच कसं, असं मलाच ऐकवलं. खोटा माल उघड्यावर विकणाऱ्याला कोणी विचारत नाही, जाब मात्र मी द्यायचा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. खोकं, अडॅप्टर, पेमेंटचे स्क्रीनशॉट, उघडलेल्या डब्याचे फोटो सगळं ठेवलंय. असाच रिकामा डबा आणखी कुणाच्या गळ्यात मारला असेल तर मेसेज करा, तक्रार एकत्र करू.