मायक्रोग्रीन्सच्या खोलीचं वायरिंग: सातपूरच्या वायरमन काकांचं काम, एका पावसाळ्यानंतर

खोलीचं वायरिंग एप्रिलमध्ये झालं. तेव्हा लगेच लिहिलं नाही, कारण नवं वायरिंग पहिले दोन महिने कुणीही केलेलं असो, छानच चालतं. माझ्या खोलीची खरी परीक्षा पावसाळ्यात असते. आता तो गेला. मागच्या भिंतीला ओल आली, दोनदा पाण्याचे ट्रे सांडले, एकदा पंप बिघडला, आणि खोलीत कुणालाही साधा झटकासुद्धा बसला नाही. म्हणून आता मनापासून लिहिते.

आमचं रो-हाउस नाशिकला, पाथर्डी फाट्याजवळ. मागच्या १० बाय १२ च्या खोलीत मी मुळा, मोहरी, वाटाणा, सूर्यफूल, बीट यांचे मायक्रोग्रीन्स (ट्रेमध्ये उगवलेली कोवळी खाण्याची रोपं) काढते आणि गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या हॉटेलांना डबे देते. सहा लोखंडी रॅक, प्रत्येकाला चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब. म्हणजे ४८ ट्यूब, रोज १६ तास. शिवाय सहा पंखे, दीड टनाचा एसी आणि पाण्याचा छोटा पंप. हात दिवसभर ओले. अशा खोलीला बेडरूमचं वायरिंग पुरत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आधीच्या वायरमनने (नाव घेत नाही) भिंतीतल्या एका सहा अँपिअरच्या सॉकेटमधून एक एक्स्टेन्शन बोर्ड काढला होता, त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. ट्यूब आणि पंखे मिळून साडेपाच अँपिअर होतात. तेवढा भार त्या एका पिनेवर, रोज सोळा तास. मागच्या वर्षी मे महिन्यात खोलीत प्लास्टिक जळाल्यासारखा वास यायला लागला. पिन ओढून काढली तर एक दांडी काळी पडलेली आणि सॉकेटचं भोक वितळून वाकडं झालेलं. त्यांना बोलावलं. त्यांनी प्लग बदलला, आणि एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) अधूनमधून पडतो म्हणून तोही काढून जास्त अँपिअरचा, मोठा बसवला. पडायचा थांबला. मला वाटलं, काम झालं. रॅकला ओला हात लागला की मुंग्या यायच्या, त्यावर ते म्हणाले, "एलईडीला तेवढं होतंच, चप्पल घालत जा." माझी मुलगी शाळेतून आली की ट्रे उचलायला मदत करते. ते चपलेचं वाक्य आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

सातपूरच्या काकांचा नंबर मला आमच्या बियाणेवाल्याकडून मिळाला. काका आले, पिशवी खाली ठेवली आणि अर्धा तास नुसते विचारत बसले. काय काय चालतं, किती तास चालतं, पाणी वरून घालता की खालून, ट्रे कुठे धुता, लाद्या पुसताना बादली कुठे ठेवता. मग बोर्ड उघडला आणि टेस्टलॅम्प लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लागला. फेज आणि अर्थिंगच्या भोकात लागलाच नाही. तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच जोडलेली नव्हती. इतकी वर्षं आम्ही तीन पिनांचे प्लग वापरत होतो आणि तिसरी पिन नुसती शोभेला होती.

मोठ्या एमसीबीबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मी पाठच करून ठेवलंय. "एमसीबी दिव्यासाठी नसतो ताई, भिंतीतल्या वायरसाठी असतो. वायर बारीक ठेवून एमसीबी मोठा केला, तर आता वायर आधी जळेल आणि एमसीबी नंतर पडेल." बियांच्या रिकाम्या पाकिटावर त्यांनी सगळा हिशोब मांडला: ट्यूब ९६० वॅट, पंखे ३००, एसी साधारण १६००, पंप आणि किरकोळ ६०. एकूण २९२०. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे पावणेतेरा अँपिअरच्या आसपास. आमच्या वीजबिलावरचा मंजूर भार त्याला पुरत नव्हता. आधी महावितरणकडे अर्ज करून भार वाढवून घ्या, मगच काम सुरू करतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यात दिवस गेले, पण बरोबर होतं.

काम असं झालं. मीटरपासून खोलीसाठी स्वतंत्र ६ स्क्वेअरची (६ चौरस मिलिमीटर वायरची) लाइन. खोलीच्या बाहेर, दाराशेजारी, छातीच्या उंचीवर छोटा डीबी (सगळे एमसीबी असलेला डबा), म्हणजे आत काही झालं तर ओल्या खोलीत पाय न ठेवता सगळं बंद करता येतं. ट्यूबचे दोन भाग, पंख्यांचा वेगळा एमसीबी, सॉकेटला २.५ ची वायर, एसीला ४ ची आणि त्याचा स्वतःचा एमसीबी. या सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतो का, हे ती सतत मोजते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा पाण्यातून जमिनीत चाललाय असं धरून डोळ्याची पापणी लवायच्या आत तोडते. माणसाचा जीव घेण्याइतका करंट एमसीबीला जाणवतही नाही. दोन्ही लागतात.

अर्थिंगला सगळ्यात जास्त वेळ गेला. मागच्या अंगणात पेरूजवळ खड्डा घेतला तर चार फुटांवर काळा पाषाण. पाइप पुढे जाईना. दुसरा माणूस तिथेच तुकडा कापून मोकळा झाला असता. काकांनी जागा बदलून कुंपणाच्या कोपऱ्यात पुन्हा खणायला लावलं, तिथे मुरूम लागला आणि पूर्ण पाइप उतरला. नंतर मीटर लावून रीडिंग मला दाखवलं, ३ ओहमच्या जरा वर. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालत जा, म्हणाले.

मग ते रॅककडे वळले, आणि तिथे मी शेजारी उभी राहून बघत होते. प्रत्येक रॅकच्या पायावर त्यांनी हॅक्सॉच्या पात्याने रंग खरवडला. नखाएवढा भाग, आतलं लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. त्यावर अर्थिंगच्या हिरव्या वायरचा गोल लग (टोकाची धातूची कडी) ठेवला, वॉशर घालून नट आवळला, वर ग्रीसचा थर दिला. "रंगावर लग आवळला तर दिसायला अर्थिंग, कामाला शून्य." सहाही रॅक असेच केले. त्या संध्याकाळी मी मुद्दाम ओल्या हाताने रॅक धरला. काही नाही. थंड लोखंड.

अजून एक गोष्ट माझ्या फार मनात बसली. ट्यूबकडून सॉकेटकडे येणाऱ्या प्रत्येक वायरला त्यांनी पोट सोडलं. वायर आधी सॉकेटच्या खाली उतरते, मग वर वळून आत जाते. वायरवरून पाणी ओघळलं तर त्या पोटाशी येऊन थेंब खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. जुलैमध्ये वरच्या कप्प्यातला वाटाण्याचा ट्रे सांडला, तेव्हा थेंब तसाच पडताना मी स्वतः पाहिला. याला एक रुपयासुद्धा जास्त लागला नव्हता.

पिळून टेप मारलेला जोड खोलीत एकही नाही, सगळे बंद डब्यात, कनेक्टरमध्ये. माझा जुना टायमर अधूनमधून चिकटायचा आणि ट्यूब रात्रभर चालू राहायच्या. इतके एलईडी ड्रायव्हर (ट्यूबला वीज पुरवणारी सर्किट्स) एकदम सुरू होताना क्षणभर जो जोराचा करंट ओढतात, तो टायमरच्या आतल्या छोट्या रिलेला सोसत नाही. काकांनी मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा भार सोसणारा, इशाऱ्यावर चालणारा स्विच) टाकला. आता टायमर फक्त कॉन्टॅक्टरला इशारा देतो, भार कॉन्टॅक्टर उचलतो.

आता तक्रारी. तीन दिवस सांगून सात दिवस लागले, आणि त्या आठवड्यात माझ्या दोन हॉटेलांचे डबे चुकले. दुपारी ते फोन उचलत नाहीत. डीबीवर नावं मार्करने लिहिली होती, ती महिन्याभरात पुसली गेली. मी नंतर छापील पट्ट्या चिकटवल्या.

सगळ्यात मोठी तक्रार आरसीसीबीबद्दल. अख्ख्या खोलीला एकच बसवली होती. जुलैमधल्या एका रविवारी रात्री टाकीतल्या पंपाच्या वायरचं आवरण चिरलं, आरसीसीबीने तोडलं, आणि पंपाबरोबर पंखे, एसी सगळंच बंद झालं. सकाळी साडेपाचला दार उघडलं तर कोंदट वास, सूर्यफुलाच्या अकरा ट्रेना बुरशी. आरसीसीबीने काम चोख केलं, त्याबद्दल वादच नाही. त्या टाकीत सकाळी मी हात घालणार होते. पण पाण्यातला पंप वेगळा काढायला हवा होता, हे त्यांना सुरुवातीलाच सुचायला हवं होतं. मी तसं बोललेही. त्यांनी मान्य केलं, सोमवारी येतो म्हणून मंगळवारी आले, पंपाला स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी दोन्हींचं काम करणारा स्विच) बसवला आणि मजुरी घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे घेतले. तुम्ही करून घेणार असाल तर हे पहिल्या दिवशीच सांगा.

खर्च: सामान २३,४०० रुपये, मजुरी ११,०००, अर्थिंगचे वेगळे ६,५००. सामानाची यादी देतात, आपण रविवार कारंजाकडून स्वतः आणायचं. वायर कुठल्या कंपनीची याचा हट्ट नाही, आयएसआय मार्क आणि एफआर (सहज पेट न घेणारं आवरण) बघा, एवढंच सांगतात. मला आणखी दोन ठिकाणांहून याच्या निम्म्यात भाव आला होता. त्या दोघांनीही पाण्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

महिन्याभराने काका न बोलावता आले आणि डीबीतले सगळे स्क्रू पुन्हा आवळून गेले. तापून-निवून तांबं सैल होतं, म्हणाले. दोन स्क्रू खरंच पाव फेरा फिरले. दर महिन्याच्या एक तारखेला मी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबते. खट् आवाज येऊन खोली काळोखी होते, मग परत चालू करते. माझी मुलगी आता ती तारीख माझ्याआधी लक्षात ठेवते.

काकांना फोन करायचा तर संध्याकाळी सातनंतर करा. दिवाळीनंतर मी वरच्या खोलीत धिंगरी अळिंबी सुरू करतेय, तिथे दमटपणा याहून जास्त. त्यासाठी काकांची नोव्हेंबरची तारीख घेऊन ठेवली आहे, आणि पंपाचा आरसीबीओ या वेळी यादीत पहिला आहे.