कॉम्बी बॉयलरची भरणी: नळी, चुंबकी फिल्टर आणि गंजरोधक

गावाकडच्या बंबात रोज नवं पाणी ओतलं जातं. इंग्लंडमधल्या घरात कॉम्बी बॉयलर (नळाला गरम पाणी देणारा आणि घरही गरम ठेवणारा) आणि खोल्या उबदार करणाऱ्या रेडिएटरमधून फिरणारं पाणी मात्र वर्षानुवर्षं तेच असतं, आणि तेच राहिलेलं बरं. आठ-दहा रेडिएटरच्या घरात ते साधारण 100 लिटर भरतं. नव्या पाण्यासोबत विरघळलेला ऑक्सिजन येतो आणि रेडिएटरचं पोलाद गंजतं. लंडनसारख्या क्षारयुक्त पाण्याच्या भागात शिवाय क्षार साचतात. म्हणून बॉयलरबरोबर घ्यायच्या वस्तूंना इथे एकच कसोटी लावली आहे: त्यांच्यामुळे पुन्हा पाणी भरायची वेळ किती कमी येते?

पहिली वस्तू फिलिंग लूप, नळाचं पाणी हीटिंगमध्ये भरायची जोडणी. म्हणजे स्टीलच्या जाळीची लवचिक नळी, दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह, आणि नळाच्या बाजूला पाणी उलटं जाऊ न देणारा डबल चेक व्हॉल्व्ह. हा साधा, बाहेरून जोडायचा लूपच आमची पहिली पसंती. काही बॉयलरमध्ये प्लास्टिकच्या किल्लीने उघडणारा लूप आतच बसवलेला असतो. दिसायला तो नीटस, पण त्याची सील झिजली की नळाचं पाणी गुपचूप आत झिरपतं आणि बॉयलर बंद असतानाही दाब दाखवणारा काटा वर चढत राहतो. बाहेरची नळी काढून टोपण लावलं की हा प्रश्नच उरत नाही. ती काढायचीच असते. पिण्याच्या पाण्याशी रेडिएटरचं पाणी कायम जोडून ठेवायला 1999 च्या पाणी जोडणी नियमांत मनाई आहे.

भरताना घाई नडते. आधी सगळ्या रेडिएटरचे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडावेत, हवा काढायचे स्क्रू बंद आहेत ना ते पाहावं, आणि पंपावरच्या स्वयंचलित हवा-व्हॉल्व्हची टोपी एक आटा सैल करावी. मग लूपचा हीटिंगकडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून नळाकडचा अगदी हळू उघडावा. जोरात सोडलं तर पाणी हवेचे बुडबुडे ढकलत नेतं, आणि 8 किंवा 10 मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या नळ्यांत ते अडकून बसतात. काटा 1 बारवर (बार हे दाबाचं एकक) आला की बंद करावं. खालच्या मजल्यापासून सुरुवात करून एकेका रेडिएटरची हवा काढावी आणि मग वर जावं. मधेमधे काटा पडेल, तेवढं पुन्हा भरावं. थंड असताना 1 ते 1.5 बार पुरे. 10 मीटर उंचीच्या पाण्याला 1 बार लागतो, आणि दुमजली घरातला वरचा रेडिएटर बॉयलरपासून तेवढा उंच नसतो. म्हणून ‘असू दे थोडं जास्त’ म्हणत 2 बारपर्यंत नेण्यात काहीच फायदा नाही.

ही पहिली भरणी धुण्यासाठी असते. जुन्या घरात ते पाणी शाईसारखं काळं निघतं. ते सगळ्यात खालच्या ड्रेनमधून सोडून द्यावं आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत पुन्हा भरावं. ही पायरी गाळून नवा बॉयलर जोडला, तर जुना गाळ सरळ नव्या हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे जिथे पाणी तापतं त्या भागात, जाऊन बसतो.

दुसरी वस्तू चुंबकी फिल्टर: एडी कंपनीचा मॅग्नाक्लीन प्रोफेशनल 2, 22 मिलिमीटर नळीसाठीचा. याची जागा परतीच्या नळीवर, शेवटच्या रेडिएटरनंतर आणि बॉयलरच्या आधी. काळा गाळ म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचा एक ऑक्साइड, आणि तो चुंबकाला चिकटतो. सफाई सोपी आहे: बॉयलर बंद करून थंड होऊ द्यायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे, वरच्या स्क्रूने दाब सोडायचा, टोपण काढून चुंबक वर उचलायचा. आवरणातून चुंबक ओढला की गाळ आपोआप सुटतो. ओ-रिंग (टोपणाची रबरी कडी) पुसून सिलिकॉन ग्रीस लावावं, नाहीतर तिथेच थेंब सुरू होतात. उणं एकच, पण महत्त्वाचं: चुंबक वर उचलायला वर मोकळी जागा लागते. कपाटातल्या बॉयलरखाली ती बहुतेक वेळा नसते. तिथे त्यांचाच छोटा मायक्रो 2 घ्यावा.

तिसरी वस्तू इनहिबिटर, म्हणजे पाण्यात घालायचं गंजरोधक औषध. सेंटिनेल एक्स 100 ची 1 लिटरची बाटली 100 लिटर पाण्याला पुरते. फिल्टर रिकामा करून त्याच्या तोंडातूनच ती ओतता येते. एका वेळी मावली नाही तर दोन-तीन खेपांत. लक्षात ठेवा, एखादा रेडिएटर काढायला पाणी सोडलं की औषधही गेलं, ते पुन्हा घालावं लागतं.

पहिल्या आठवड्यात विरघळलेली हवा निघून काटा थोडा उतरणं स्वाभाविक आहे. त्यानंतरही दर आठवड्याला पडत असेल तर गळती शोधा. लूप उघडून वेळ मारून नेऊ नका. गरम झाल्यावर काटा 3 बारकडे धावत असेल आणि बाहेरच्या भिंतीवरच्या तांब्याच्या नळीतून थेंब पडत असतील, तर बहुधा एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा गेली आहे. ही तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी टाकी, आत रबरी पडदा आणि त्यामागे हवा. त्यावर मोटारीच्या टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो. दाबल्यावर पाणी आलं तर पडदा फाटला, व्हेसल बदला. कोरडा असेल तर आधी पाण्याचा दाब शून्यावर आणून, ड्रेन उघडा ठेवून, उत्पादकाने दिलेल्या आकड्याइतकी, बहुधा 0.75 ते 1 बार, हवा भरावी. हा व्हॉल्व्ह बॉयलरच्या पत्र्याआड असतो, आणि तो पत्रा उघडणं गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत नोंदणी) यादीत असलेल्या माणसाचंच काम. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कोणत्या उपकरणांची परवानगी आहे ते छापलेलं असतं. काम सुरू होण्याआधी तेवढं वाचून घ्या.