प्रकटीकरणाचा अभ्यासवर्ग : एक अभिप्राय

अमरावती धर्मप्रांतातील आमच्या भागात, कापूस वेचणीच्या दिवसांत आणि आगमनकाळ (नाताळाच्या तयारीचा काळ) सुरू होण्यापूर्वी, एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकावर सायंकाळचा अभ्यासवर्ग चालतो. वर्ग विनामूल्य असून छापील टिपणांसाठी तेवढी नाममात्र रक्कम घेतात. ‘शेवट जवळ आला’ असे सांगत प्रत्येक युद्धाला आणि दुष्काळाला एखादे वचन चिकटवणाऱ्या मोबाइलवरील चित्रफितींमुळे अनेक ख्रिस्ती घरांत खरी भीती शिरली आहे, आणि ख्रिस्तसभेची शिकवण नेमकी काय आहे हे गावातच समजावून सांगणारे कोणी असावे, ही गरज हा वर्ग बऱ्याच अंशी भागवतो.

शिकवणाऱ्या सिस्टर आधी वचन मोठ्याने वाचून घेतात आणि मग ते कोणी, कोणासाठी, कोणत्या संकटात लिहिले ते सांगतात. मे 2020 मध्ये मोर्शी-वरुडकडे आलेली टोळधाड म्हणजे या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातील टोळच होते का, असे एका संत्रा बागायतदाराने विचारले, तेव्हा सिस्टरांनी त्या बागायतदारालाच त्या अध्यायातील चौथे वचन वाचायला लावले. त्या टोळांना गवताला, हिरवळीला, झाडाला उपद्रव करू नका अशी आज्ञा आहे. आपल्याकडच्या टोळांनी तर संत्र्याची कोवळी पालवीच खाल्ली. मग निर्गम या पुस्तकातील मिसरवरची टोळधाड आणि योएल संदेष्ट्याचे टोळ काढून, प्रकटीकरणाचा लेखक योहान जुन्या कराराच्या चित्रांतून बोलतो आहे हे त्यांनी दाखवले. वर्तमानपत्र शेजारी ठेवून बायबल वाचण्याची सवय मोडायला माझ्या मते एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

आधारकार्डावरच्या क्रमांकाला घाबरणाऱ्यांसाठी 666 या श्वापदाच्या आकड्याचा उलगडाही उपयोगी पडला : ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा रोमन सम्राट नेरो याचे ‘नेरोन कैसर’ हे ग्रीक वळणाचे नाव इब्री अक्षरांत लिहिले की अक्षरांच्या मूल्यांची बेरीज तेवढीच येते, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत 616 असा आकडा आढळतो, त्याचाही मेळ या नावाच्या लॅटिन रूपाशी बसतो. हजार वर्षांचे राज्य म्हणजे ख्रिस्तसभेचा चालू काळ, हे संत ऑगस्टिनचे मत, आणि ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या ऐहिक राज्याची कल्पना कॅथलिक ख्रिस्तसभेच्या 1992 च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथाने नाकारलेली आहे, हेही नीट सांगितले गेले. प्रभूच्या येण्याची किंवा ख्रिस्तविरोधकाची तारीख प्रवचनात सांगण्यास 1516 मध्येच ख्रिस्तसभेच्या पाचव्या लॅटरन परिषदेने मनाई केली होती, हे ऐकून मला स्वतःला फार दिलासा वाटला. ‘त्या दिवसाविषयी कोणालाच ठाऊक नाही’ हे मार्क 13:32 आपण ऐकलेले असते, पण त्याचे इतके कडक पालन अपेक्षित आहे हे कोणी सांगितले नव्हते.

उणीव मात्र शेवटच्या बैठकीत जाणवते. सगळे काही नेरोच्या काळात संपले असे कॅथलिक शिकवण म्हणत नाही. प्रभूच्या पुनरागमनापूर्वी अनेकांची श्रद्धा डळमळवणाऱ्या एका अखेरच्या परीक्षेतून ख्रिस्तसभेला जावे लागेल, असे धर्मशिक्षणग्रंथाचा 675 वा परिच्छेद स्पष्ट सांगतो. हा गंभीर भाग घाईत उरकला गेला, आणि नव्या यरुशलेमेचा एकविसावा अध्याय तर केवळ वाचून सोडला. भीती घालवली तशी आशाही शिकवायला हवी होती, कारण छळात सापडलेल्या सात ख्रिस्ती मंडळ्यांना धीर देण्यासाठीच हे पुस्तक लिहिले गेले. टिपणांची भाषा वेचणी करून थकून आलेल्या बायांना जड जाते, आणि शेतीपंपाची वीज रात्री येत असल्याने ओलितासाठी पुरुषांना प्रश्नोत्तरे सोडून उठावे लागते.

एवढे असूनही, ज्यांच्या घरी या चित्रफिती पाहिल्या जातात त्यांनी, विशेषतः तरुण मुलांना सोबत घेऊन, हा वर्ग जरूर करावा. पुढच्या वर्षी तो रविवारच्या मिस्सानंतर ठेवला आणि 675 व्या परिच्छेदाला व एकविसाव्या अध्यायाला स्वतंत्र बैठक दिली, तर मी पुन्हा नाव नोंदवीन.