एन्क्रिप्टेड एसएसडीवर रोजचे काम: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझी कामाची सर्व कागदपत्रे, प्रकल्पांचे कोड आणि जुने ईमेल गेले काही महिने १ टीबीच्या एकाच बाह्य एसएसडीवर आहेत. एक संगणक विंडोजवर आणि दुसरा लिनक्सवर चालतो. त्यामुळे दोन्हीकडे सारखेच उघडणारे व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर मी निवडले आणि ड्राइव्हचे संपूर्ण पार्टिशन (विभाग) एईएस या पद्धतीने एन्क्रिप्ट केले, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असे केले. ड्राइव्हमध्येच असलेल्या हार्डवेअर एन्क्रिप्शनवर मी विसंबलो नाही, कारण 2018 मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही एसएसडींचे असे कुलूप पासवर्डशिवाय उघडता येते हे दाखवून दिले होते आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही विंडोजमधील बिटलॉकर हे एन्क्रिप्शन साधन आपणहून अशा ड्राइव्हच्या एन्क्रिप्शनवर भिस्त ठेवणार नाही असा बदल केला.

वेगाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएससाठी स्वतंत्र सूचना (इन्स्ट्रक्शन) असतात, त्यामुळे मोठ्या फाइल उघडताना फरक जाणवत नाही. हजारो बारीक फाइल असलेला प्रकल्प बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करताना, मात्र अंतर्गत डिस्कच्या तुलनेत थोडे थांबावे लागते.

खरी काळजी घ्यावी लागते ती विंडोजची. ड्राइव्ह जोडताच ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी सूचना समोर येते, कारण विंडोजला त्या पार्टिशनवर ओळखीचे काहीच दिसत नाही. तिथे घाईत होकार दिला, तर व्हॉल्यूमचा (एन्क्रिप्ट केलेल्या त्या विभागाचा) हेडर, म्हणजे तो उघडण्यासाठी लागणारी माहिती असलेला सुरुवातीचा भाग, पुसला जाऊ शकतो, आणि हेडर गेला की बरोबर पासवर्ड असूनही उपयोग नसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या पार्टिशनचे ड्राइव्ह लेटर काढून टाकले की ही सूचना थांबते. व्हेराक्रिप्ट हेडरची एक प्रत व्हॉल्यूमच्या शेवटी ठेवते, तरीही मी आणखी एक प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे.

आत एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम (फाइल मांडून ठेवण्याची पद्धत) ठेवली आहे. एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसते, आणि लिहिणे चालू असताना केबल सैल झाली तर फाइल सिस्टिम बिघडण्याची भीती तिथे अधिक. अर्थात एनटीएफएसचीही एक अट आहे: विंडोजमध्ये व्हॉल्यूम नीट डिसमाउंट (बंद) न करता ड्राइव्ह काढला, तर लिनक्स तो लिहिण्यासाठी माउंट करायला (उघडायला) नकार देऊ शकतो आणि आधी विंडोजवर परत जाऊन तपासणी चालवावी लागते.

सुरक्षिततेबाबत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. व्हॉल्यूम माउंट असेपर्यंत किल्ली रॅममध्ये असते, त्यामुळे संगणक नुसता स्लीप करून उठून जाणे पुरेसे नाही. विंडोजवर स्लीपच्या वेळी आपोआप डिसमाउंट होण्याचा पर्याय मी सुरू ठेवला आहे. शिवाय एडिटरच्या तात्पुरत्या फाइल, प्रतिमांचे थंबनेल आणि स्वॅप (रॅममधून डिस्कवर हलवलेली माहिती) हे सगळे यजमान संगणकाच्या डिस्कवर उतरू शकते, म्हणून दोन्ही संगणकांच्या अंतर्गत डिस्कही मी एन्क्रिप्ट केल्या आहेत. ज्या संगणकावर आपला ताबा नाही तिथे हा ड्राइव्ह मी जोडतच नाही: व्हेराक्रिप्टला सहसा ॲडमिन अधिकार लागतात, आणि तिथे कीलॉगर (टाइप केलेले टिपून घेणारा छुपा प्रोग्रॅम) बसवलेला असेल तर पासवर्ड पहिल्याच वेळी हातचा जाईल. कुठेही जोडा आणि काम सुरू करा, अशी अपेक्षा असलेल्यांनी हा मार्ग घेऊ नये. ठरलेल्या दोन-तीन संगणकांमध्ये काम करणाऱ्यांना मात्र मी तो मनापासून सुचवेन.